संदर्भसूचीचा जाच

कापूरहोळ येथून एक भगिनी विचारतात, चिरंजीवांचा शास्त्रीय निबंध केवळ संदर्भसूचीपायीं परत आला, हा संपादकांचा जाच नव्हे काय?

आम्हांस तसें वाटत नाहीं. गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा आनुवंशिकीवरील प्रख्यात लेख पाहा. त्याचें साल कोणी १९४३ देतो, कोणी १९४४. त्यांतून पालीपंडित पिता धर्मानंद दामोदर व हे, दोघेही इंग्रजींत डी. डी.! अशा वेळीं शोधणारास तारतो तो 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स', खंड १२, पृष्ठ १७२ हा तपशील.

सूचीचा क्रम मात्र नियतकालिकागणिक निराळा. कोठें आडनांवांचा वर्णानुक्रम, कोठें मजकुरांतील क्रमानें अंक. मध्येंच एक आधार वाढला कीं पुढील सारे अंक बदलतात. तें काम संगणकाकडे खुशाल सोंपवावें. पृष्ठांक मूळ लेख उघडूनच ताडावे.