‘नाही’ म्हणायलाही शिकवा

बियाणे-खतांच्या कंपन्यांच्या ऑफिसांतल्या आणि कृषी सेवा केंद्रांच्या काउंटरवरच्या पोरांना विक्री व ग्राहकसेवा शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकाचे बोल सध्या मोताळ्यापासून धामणगाव बढेपर्यंत मोठ्या कौतुकाने ऐकवले जातात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गिऱ्हाईक भावनेने घेते, मालाची माहिती दुय्यम. चेहरा हसरा हवा. ‘नाही’ हा शब्द तोंडातून निघता कामा नये. आणि एक वस्तू मागायला आलेला माणूस दोन घेऊनच पायरी उतरला पाहिजे.

हसऱ्या चेहऱ्याला माझी हरकत नाही. पाठ करून घेतलेल्या इंग्रजी स्वागताबद्दल एवढेच, की ‘या काका, बसा, पाणी घ्या’ हे आमच्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. महिन्याच्या टार्गेटबद्दलही बोलत नाही. पगार त्यावर टांगलेला असला की माणूस काय करतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

माझे भांडण आहे ते ‘दोन घेऊनच’ या धड्याशी. सभागृहात या धड्याला भारदस्त नाव असेल. आमच्या बाजारात त्याला लिंकिंग म्हणतात. पाऊस पडून गेलेला, पीक गुडघ्याला आलेले आणि युरियासाठी रांग. ४५ किलोच्या पोत्याची छापील किंमत २६६ रुपये ५० पैसे. शेतकरी पॉस मशीनवर अंगठा ठेवतो, पोते हलवायला वाकतो, तेवढ्यात पोरगा शेजारी एक बाटली ठेवतो. ‘काका, हे सोबत घ्याच लागते.’ ‘मले नाही पायजे भाऊ.’ ‘मग पुढची गाडी आली की या.’ पुढची गाडी कधी येईल हे दोघांनाही माहीत नसते आणि पीक थांबत नाही. म्हणून बाटली घरी जाते. तिची किंमत बहुतेक वेळा पोत्याहून जास्त असते.

आता हा पोरगा दुष्ट आहे का? नाही. त्याच्या मालकावर कंपनीच्या ऑफिसने तीच बाटली लादलेली असते, आणि त्या ऑफिसातल्या टीमला कोणत्या तरी हॉटेलच्या हॉलमध्ये हाच धडा टाळ्यांच्या गजरात मिळालेला असतो. एक वस्तू हवी तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालणे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ला मान्य नाही. गिऱ्हाइकाच्या निवडीवर बंधन घालणाऱ्या व्यापारप्रथांत त्याने ती धरली आहे. कायद्याने दोष मानलेली गोष्ट जो कौशल्य म्हणून शिकवतो, त्याला ग्राहकसेवेचा गुरू कसे म्हणायचे?

‘नाही’ न म्हणण्याचा धडा तर याहून महाग पडतो. फवारणीच्या दिवसांत माणूस येतो आणि सांगतो, दोन औषधे आणि एक टॉनिक एकाच पंपात मारायचे आहे, द्या. तिथे ‘नाही, हे एकत्र करायचे नाही’ असे ठामपणे सांगणारा माणूस काउंटरमागे हवा. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग त्याला वाचता आला पाहिजे: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत भरती झाले. त्याची कारणे अनेक होती, पण औषधांची बेसुमार मिश्रणे हे त्यांतले एक होते. विदर्भात राहून, हे पाहून, मालाची माहिती दुय्यम म्हणवते तरी कसे?

गोड बोलणे मोठे की मालाची माहिती आणि नोंद, हा वाद जुनाच आहे. पूर्वी तो पक्क्या बिलावरून व्हायचा. बिल मागणारा माणूस विश्वास ठेवत नाही, नाते तुटते, असे तेव्हाचे शहाणे सांगत आणि कच्च्या चिठ्ठीवर सगळा हंगाम उरकत. मग २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा पाऊस पडला. तेव्हा ज्याच्याकडे लॉट नंबर लिहिलेले बिल, पिशवीचे लेबल आणि मूठभर उरलेले बियाणे होते, त्याची बाजू तालुक्याच्या तक्रार समितीपुढे भक्कम होती. कच्च्या चिठ्ठीवाला नाते सांगत बसला.

आणि तेव्हा कंपनीच्या फोनवर काय ऐकू आले? गैरसोयीबद्दल दिलगिरी. गोड, हसरी, घोटून घेतलेली. लॉट नंबर विचारणारे कमी. पेरणी कधी केली, तेव्हा पाऊस किती झाला होता, बियाणे किती खोल पडले, हे विचारणारे त्याहून कमी. विचारणार तरी कसे? ऑफिसात फोन उचलणाऱ्या मुलीला हे प्रश्न कोणी शिकवलेच नव्हते.

मग शिकवायचे काय? आधी माल. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी, हे पाठ करून भागणार नाही. ऑफिसच्या टीमने ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून आठवड्याने स्वतः कोंब मोजावेत. मग तक्रार: ती ऐकून लिहायची कशी, तिला नंबर द्यायचा कसा, कोणाकडे पाठवायची. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या नोकराच्या पगाराला कात्री लागणार नाही, हे मालकाने लिहून द्यावे. वाट नवी नाही. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय संस्थेने २००३ पासून कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी ‘देसी’ ही वर्षभराची पदविका चालवली आहे. वर्ग रविवारी किंवा बाजाराच्या सुटीला भरतात, शेतावरच्या भेटी असतात. दुकानदार ती करतात. काउंटरवरचा पोरगा आणि ऑफिसातला फोन उचलणारा मात्र त्यातून सुटतात.

दुकानमालकांना आणि कंपन्यांच्या शाखाप्रमुखांना माझी विनंती आहे. मे महिन्यात, बियाण्याची गाडी लागण्याआधी, आपल्या माणसांना दोन दिवस शेतात आणि गोदामात शिकवा. आणि शेतकरी बंधूंनो, यंदा काउंटरवर नको असलेली बाटली पुढे आली, तर ती मागे सारा आणि पक्के बिल घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.