नळीचे दुसरे टोक

पश्चिम सायबेरियाचा गॅस अर्धशतकभर युरोपकडे वाहत होता. आता तिकडचाच गॅस मंगोलियामार्गे चीनला नेण्याचा घाट आहे. ‘पॉवर ऑफ सायबेरिया-2’ या वाहिनीची क्षमता वर्षाला 50 अब्ज घनमीटर. सप्टेंबर 2025 मध्ये बीजिंगमध्ये तिचा बंधनकारक करार झाल्याचे रशियाच्या सरकारी गॅस कंपनीने, गॅझप्रॉमने, जाहीर केले. दर मात्र ठरला नव्हता. खरी गोम तिथेच आहे.

जहाज समुद्रात वळवता येते, जमिनीत पुरलेली नळी वळवता येत नाही. म्हणून ज्याच्याकडे दुसरी वाट, त्याचा वरचष्मा. चीनकडे तुर्कमेनिस्तानची वाहिनी आहे, कतारची जहाजे आहेत, घरचा कोळसा आहे. रशियाची युरोपकडे जाणारी नॉर्ड स्ट्रीम वाहिनी सप्टेंबर 2022 मध्ये बॉर्नहोम बेटाजवळच्या स्फोटांत फुटली, युक्रेनमधला मार्ग 1 जानेवारी 2025 ला बंद झाला. नड विकणाऱ्याची आहे, आणि घेणारा ती ओळखून आहे.

आपल्या दारात यातली एकही वाहिनी येत नाही, तरी झळ आपल्यालाही बसलीच. 2022 मध्ये युक्रेन युद्ध पेटल्यावर युरोप जहाजांवरचा गॅस वाटेल त्या भावाने उचलू लागला. आपल्या सरकारी गॅस कंपनीचा, गेलचा, वीस वर्षांचा करार गॅझप्रॉमच्या ज्या सिंगापुरी कंपनीशी होता, ती जर्मनीच्या ताब्यात गेली आणि भारताची जहाजे थांबली. देशी गॅसचा दरही तेव्हा परदेशी बाजारांच्या सूत्राला बांधलेला. त्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राने गॅसवरचा व्हॅट 13.5 वरून 3 टक्क्यांवर आणला, मुंबईत सीएनजी किलोला 60 रुपये झाला. नोव्हेंबरात तोच 89.50. पंपावर तासभर रांगेत उभ्या असलेल्या रिक्षावाल्याची करसवलत सात महिन्यांत धुऊन गेली. ज्या युद्धाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, त्याचे बिल त्याने भरले.

कच्च्या तेलासाठी आपण विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथे भूमिगत साठे बांधले. गॅससाठी तशी राखीव सोय उभी केलेली नाही. करार कितीही वर्षांचा असो, अडचणीच्या महिन्यात जहाज आले नाही तर चूल कशावर पेटणार, याचे उत्तर पेट्रोलियम मंत्रालयाने द्यायला हवे. आणि ते पुढचा भडका उडण्याआधी हवे.