कोरडे तोंड आणि तळपायांची आग

डोंबिवलीतील साठीच्या एक गृहिणी सुनेसोबत दवाखान्यात आल्या. तक्रार एकच: रात्री तळपायांची आग होते, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. रक्तातील साखर आणि बी-१२ व्यवस्थित होते. नसांच्या विद्युत तपासणीचा अहवालही निर्दोष होता. ‘वयोमानाने होते’ असे म्हणून मी जवळजवळ मोकळा झालो होतो. तेवढ्यात सून म्हणाली, “डॉक्टर, आईंना हल्ली पाण्याच्या घोटाशिवाय पोळी गिळता येत नाही.”

मग सारे उलगडले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, हे त्यांनी नेत्रतज्ज्ञांना सांगितले होते. दात भराभर किडतात, हे दंतवैद्यांना. एका आजाराच्या तक्रारी तीन दवाखान्यांत वाटल्या गेल्या होत्या.

हा आजार शोग्रेन सिंड्रोम. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेनरिक शोग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात त्याचे सविस्तर वर्णन केले. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथींवर आणि लाळग्रंथींवर उलटते. स्त्रियांमध्ये, विशेषतः चाळिशीनंतर, तो कितीतरी अधिक आढळतो.

काही रुग्णांत नसाही सापडतात. बारीक तंतू बिघडले, तर आग होते, मुंग्या येतात. नेहमीची विद्युत तपासणी जाड तंतूंचीच असते, म्हणून अहवाल निर्दोष येऊ शकतो. पाय कोठे पडतो आहे याची जाणीव हरपली, तर अंधारात तोल जातो. कधी चेहरा बधिर होतो, कधी उठताना चक्कर येते. काही वेळा या तक्रारी कोरडेपणाच्याही आधी सुरू होतात.

मात्र प्रत्येक कोरडे तोंड म्हणजे शोग्रेन नव्हे. मधुमेहाने, तसेच ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही तोंड सुकते. पायांच्या आगीसाठी दिले जाणारे अमिट्रिप्टिलिनही कोरडेपणा वाढवते. म्हणून सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत. परस्पर बंद मात्र करू नयेत.

निदानासाठी अश्रू मोजणारी कागदी पट्टी, रक्तातील अँटी-एसएसए प्रतिपिंडे आणि गरज पडल्यास ओठाच्या आतील बाजूची बायोप्सी उपयोगी पडते. पुढील उपचार संधिवाततज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांच्या सल्ल्याने करावेत. आजार समूळ जात नाही. पण त्रास आटोक्यात ठेवता येतो.

घरच्यांनी रात्री न्हाणीघरापर्यंत मंद दिवा ठेवावा, अंघोळीचे पाणी स्वतः तपासून द्यावे, तळपायांवर जखम नाही ना हे रोज पाहावे. हातापायांतील ताकद झपाट्याने कमी झाली किंवा गालाजवळची सूज टिकून राहिली, तर विलंब करू नये.

त्या गृहिणींची प्रतिपिंडांची चाचणी सकारात्मक आली. निदानाची वाट सुनेच्या एका वाक्याने दाखवली. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी डोळे, तोंड, दात, पाय अशा साऱ्या तक्रारी एकाच कागदावर लिहा. वृद्ध माणसे सगळे सांगत नाहीत; जवळच्यांनी सांगावे.