कळले नाही, हे वेळेत सांगा

निकाल, प्रवेशाच्या फेऱ्या, शुल्काची जुळवाजुळव आणि दाखल्यांसाठीचे हेलपाटे उरकून राज्यभरातली मुले-मुली आता पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात बसू लागली आहेत. महाविद्यालयाने त्यांना काय द्यावे, यावर पुष्कळ बोलले जाते. शिकवणाऱ्याला त्यांच्याकडून काय हवे असते, हे मात्र त्यांना क्वचितच कोणी सांगते. पहिल्या दिवशीच्या सूचना ७५ टक्के हजेरी, वेळेवर सबमिशन आणि मोबाइल बंद एवढ्यावरच थांबतात.

या अटी हव्यातच. पण विषयाची पहिली ओळख करून देणाऱ्या प्राध्यापकाची मोठी अपेक्षा निराळी असते. जे कळले नाही, ते विद्यार्थ्याने त्याच आठवड्यात विचारावे.

अर्थशास्त्राचा सुरुवातीचा पेपर घ्या. कांदा महागला म्हणून घरात कमी आणला, हा मागणीचा संकोच. कांदेनवमी उलटली, चातुर्मास लागला आणि भाव तोच असताना अनेक घरांनी कांदा आणणेच थांबवले, हा मागणीतील ऱ्हास. पहिल्या वेळी आपण त्याच वक्रावर वर जातो. दुसऱ्या वेळी अख्खा वक्रच डावीकडे सरकतो. फळ्यावर या दोन आकृत्या काढायला फारसा वेळ लागत नाही आणि नवख्या डोळ्यांना त्या जवळजवळ सारख्याच दिसतात. हा फरक तेव्हाच उमगला नाही, तर पुढचा समतोल, कर, अनुदान, हमीभाव सगळेच धूसर होते. विद्यार्थी मग व्याख्या पाठ करतो, परीक्षेच्या तोंडावर गाइड आणतो आणि कदाचित उत्तीर्णही होतो. लासलगावात कांद्याचे भाव का कोसळले, हे मात्र त्याला वडिलांना समजावून सांगता येत नाही. घरात कांदा पिकत असेल, तर हे नुकसान गुणपत्रिकेवरच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठे आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने दुसऱ्या शाखेतला विषय निवडण्याची मोकळीक दिली, हे चांगलेच झाले. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी अर्थशास्त्राच्या वर्गात येते, तेव्हा तिला आधीचे काही येत असावे अशी अपेक्षा कोणीही ठेवू नये. पण दोन श्रेयांकांच्या अशा विषयाला व्याख्यानांचे ३० तास मिळतात. प्रवेश लांबले, की त्यातलेही काही हातचे जातात. म्हणून शंका परीक्षेपर्यंत साठवून ठेवणे परवडत नाही.

मुले विचारत का नाहीत? बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी इंग्रजीतले व्याख्यान ऐकते. शंका मनात मराठीत तयार असते; ती इंग्रजीत मांडता येणार नाही आणि वर्ग हसेल, या धास्तीने ती गप्प बसते. तिने ती खुशाल मराठीत विचारावी. प्राध्यापकाने मराठीत उत्तर द्यावे आणि हसणाऱ्यांना तिथल्या तिथे थांबवावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर महाविद्यालय उभे केले, ते घरात अभ्यासाचे विचारायला कोणी नसलेल्या मुलांसाठी. अशी मुले आजही आपल्या वर्गांत आहेत. पदवीचा अभ्यास समजावून सांगणारे त्यांच्यासाठी शिक्षकांखेरीज दुसरे कोणी नाही.

मग तो शिक्षक भेटायला तरी हवा. तासिका तत्त्वावर काम करणारे अनेक प्राध्यापक तास संपताच दुसऱ्या महाविद्यालयाची बस पकडतात. विद्यार्थ्यांनी विचारावे असे आपल्याला खरोखर वाटत असेल, तर पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विषयासाठी आठवड्यातून एक तास केवळ शंकांसाठी वेळापत्रकात राखून ठेवावा लागेल आणि त्या तासाचे मानधनही शिकवणाऱ्याला द्यावे लागेल. त्याची तरतूद महाविद्यालयांनी आणि उच्च शिक्षण विभागाने याच सत्रात करावी.