शेतकरी कार्यक्रमातली मराठी

विलेपार्ल्याच्या आमच्या घरात शेतीशी कोणाचाही संबंध नव्हता. लागवड म्हणावी तर गॅलरीतली तुळस. तरीही संध्याकाळच्या बातम्यांसाठी रेडिओ जरा आधीच लावला जाई, आणि शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम आपोआप कानांवर पडे. वाफसा, पाभर, तुडतुडे हे शब्द मला पुस्तकांतून मिळालेले नाहीत. पुढे मराठीचा अध्यापक झाल्यावर ‘ग्रामीण साहित्य’ शिकवू लागलो, तेव्हा या कार्यक्रमांचा उल्लेख अभ्यासक्रमात कोठेच नाही हे जाणवले, आणि ते अजून खटकते.

व्यंकटेश माडगूळकरांचेच पाहा. ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. त्याच सुमारास ते आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात रुजू झाले आणि पुढे कित्येक वर्षे तेथे होते. आपल्या लेखकपरिचयांत हे सारे ‘नोकरी’ या सदरात एका ओळीत उरकते. जणू लेखक घरी लिहीत होता आणि कचेरीत नुसता सह्या करीत होता!

माझे म्हणणे असे, की शेतकरी कार्यक्रमांचे गद्य हा मराठी गद्याचाच एक प्रकार आहे, आणि एका बाबतीत तो ग्रामीण कथेहून अवघड आहे. ग्रामीण कथेचा वाचक बहुधा शहरातला. त्याच्यासाठी पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थ देता येतात. नभोवाणीवर मात्र खेड्याविषयी नव्हे, खेड्याशीच बोलायचे होते. तेही अशा माणसाशी, ज्याला शेत बोलणाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. येथे शब्दार्थ उलट्या दिशेने द्यावे लागत. नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द बांधावरचे नव्हेत. पण कृषिखात्याची पत्रके आणि रेडिओ यांनी ते इतके रुजवले की आज खताच्या दुकानात कोणी अडखळत नाही. सरकारी परिभाषेतले कितीतरी शब्द कागदावरच वाळून गेले, हे शेत मात्र पिकले. का पिकले, याचा शोध भाषेच्या अभ्यासकाने घ्यायचा नाही तर कोणी घ्यायचा?

१९५६ सालचा प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. कॅनडातील शेतकरी श्रोतृमंडळांच्या धर्तीवर, युनेस्कोच्या साहाय्याने, पुणे केंद्राने आजच्या महाराष्ट्रातील ५ जिल्ह्यांत सुमारे १५० गावांसाठी दहा आठवड्यांत २० कार्यक्रम प्रसारित केले. गावकरी एकत्र बसून ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि शंका केंद्राकडे पाठवीत; पुढच्या कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले व पॉल न्यूराथ यांनी त्यावर सविस्तर लिहिले. आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे ‘कोणार्क’ लिहिणारे हिंदी नाटककार होते, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही. समाजशास्त्राने या प्रयोगाची दखल घेतली ती ज्ञानप्रसाराचे साधन म्हणून. पण श्रोता पत्राने उलट बोलतो आणि लेखकाला पुढच्या आठवड्यात त्याला उत्तर द्यावे लागते, हे वाङ्मयीन नाते आमच्या वाचककेंद्री समीक्षेला अजून दिसलेले नाही.

हे सारे गद्य उत्तम होते असा माझा दावा नाही. पुष्कळदा ‘राम राम पाव्हणं’ म्हणत स्टुडिओतला शहरी गळा धोतर नेसून यायचा. एक शहाणा, एक अडाणी, आणि तिसऱ्या मिनिटाला अडाण्याचे हृदयपरिवर्तन! पोपटाच्या तोंडी घातलेली बोली श्रोत्याला पहिल्या वाक्यात कळत असणार. पण हे बरेवाईट ठरवायचे कशावरून? बोललेले हवेत विरते, आणि संहिता जपून ठेवण्याजोगे काही आहे असे मानणारा वर्ग म्हणजे आम्ही. आम्हीच मागितल्या नाहीत.

२००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवण्याची मुभा मिळाली. २००८ मध्ये म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ सुरू झाले. माडगूळकरांच्या कथांतला तोच कोरडा मुलूख. तेथे स्थानिक माणसे आपल्या बोलीत, कोणा शहरी वाचकाची पर्वा न करता बोलू लागली. ‘माणदेशी माणसं’वर दरवर्षी प्रबंधिका लिहून घेतल्या जातात. यंदा एका विद्यार्थिनीने या केंद्राच्या भाषेवर लिहू का, असे विचारले. विभागाच्या बैठकीत पहिला प्रश्न आला, तो असा: ‘पण यात साहित्य कुठे आहे?’