पेढीची पत आणि ढोकीकडे गेलेले रूळ

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव आज साखर कारखान्यामुळे आणि कुर्डुवाडी-लातूर लोहमार्गावरील स्थानकामुळे ओळखले जाते. जवळचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात या नगराचा उल्लेख येतो. येथील कापड गाड्यांत भरून पैठणमार्गे भडोच बंदराकडे जात असे. त्यानंतर अनेक शतकांनी याच मुलखात आगगाडी आली. ते रूळ टाकणाऱ्यांमध्ये सोलापूरच्या एका जैन व्यापारी घराण्याचा तरुण होता. शेठ वालचंद हिराचंद दोशी हे त्यांचे नाव.

दोशी घराणे मूळचे काठियावाडातील वांकानेरचे. दिगंबर हुमड समाजातील हे कुटुंब उदरनिर्वाहासाठी महाराष्ट्रात आले आणि सोलापुरात स्थिरावले. कापसाचा व्यापार आणि सावकारी पेढी हा त्यांचा व्यवसाय. शेठ हिराचंद नेमचंद यांच्या काळात या पेढीला लौकिक लाभला. मात्र हिराचंदांनी आपला सर्व वेळ पेढीला दिला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात त्यांनी ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सुरू केले. शास्त्रग्रंथ छापावेत की नाहीत याविषयीच समाजात वाद होता, अशा काळातले हे धाडस होते. धर्म समजून घेतला पाहिजे आणि त्यासाठी तो लोकांच्या भाषेत वाचता आला पाहिजे, ही त्यामागील दृष्टी. सोलापुरात त्यांच्या नावाचे वाचनालय आजही त्यांची आठवण जपून आहे.

अशा घरात 23 नोव्हेंबर 1882 रोजी वालचंदांचा जन्म झाला. आईचे छत्र बालपणीच हरपले. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. परंतु पदवी न घेताच ते पेढीवर परतले. गादीवर बसून दर पाहणे आणि व्याजाचा हिशेब करणे यात त्यांचे मन रमेना. कोणत्याही व्यापारी घरात हा प्रसंग कठीण असतो. पिढ्यांनी उभा केलेला धंदा मुलगा सोडू पाहतो, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना तो आपल्या कष्टांचा अव्हेर वाटतो.

याच सुमारास त्यांचा संबंध लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी आला. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. रेल्वेची कामे कशी मिळतात आणि कशी करावी लागतात, याची त्यांना माहिती होती. वालचंदांच्या मागे सोलापूरच्या पेढीची पत होती. या दोन गोष्टींच्या मिलाफातून ‘फाटक-वालचंद’ ही भागीदारी जन्माला आली. तिचे पहिले काम म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचा येडशी ते तडवळे हा टप्पा.

अडीच फूट रुंदीची ही छोटी रेल्वे 1897 मध्ये बार्शीपर्यंत आली होती. ती पुढे निजामाच्या मुलखात शिरली, येडशी, तडवळे आणि ढोकी करीत 1911 मध्ये लातूरला पोहोचली. बैलगाडीने दिवसच्या दिवस खाणारा धान्याचा आणि कापसाचा प्रवास सोपा झाला. स्थानकांच्या आसपास आडती आणि वखारी उभ्या राहण्यास वाव मिळाला. या मुलखातील अनेक व्यापारी घरांच्या उत्कर्षाची कथा या रुळांशी जोडलेली आहे.

तडवळ्याच्या त्या छोट्या कामातून वालचंद मोठ्या कामांकडे वळले. 1919 मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. तिची ‘लॉयल्टी’ ही बोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाली; तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि वालचंदनगर उभे राहिले. 1940 मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना निघाला. विशाखापट्टणमच्या गोदीत बांधलेली ‘जलउषा’ 14 मार्च 1948 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. 8 एप्रिल 1953 रोजी वालचंदांचे निधन झाले. त्यानंतर उद्योगांचा भार त्यांच्या भावांनी वाहिला.

वडिलांनी कापूस विकला आणि नियतकालिक काढले. मुलाने लोखंड, साखर आणि जहाजे हाताळली. वरवर पाहता घराण्याचा धंदा मोडला. परंतु फाटकांच्या ज्ञानाला जे भांडवल मिळाले, ते पेढीच्या विश्वासाचेच फळ होते. धंदा बदलला तरी पत वारशाने आली. मिळवलेले केवळ तिजोरीत न ठेवता दहा जणांच्या उपयोगी लावायचे, ही वृत्तीही तशीच आली. श्रावकाच्या परिग्रहपरिमाण व्रताचा व्यवहारातील अर्थ याहून फार वेगळा नाही. सोलापूर आणि सांगली येथील वालचंदांच्या नावाची महाविद्यालये त्याच परंपरेची साक्ष देतात.

आज ढोकीसारख्या गावांतील व्यापारी घरांपुढे हाच प्रश्न आहे. मुले पुण्यात शिकतात, परगावी नोकरी करतात, दुकानाच्या फळ्या उघडायला वडीलच उरतात. अशा वेळी मुलगा गादीवर बसतो की नाही, यावरून घराण्याचे यशापयश मोजण्याची घाई करू नये. दिलेला शब्द पाळणे, मापात खोट न करणे आणि गावच्या कामाला पुढे होणे, हे त्याने दुकानात बसून शिकले असेल, तर तो जेथे जाईल तेथे पेढी त्याच्याबरोबर आहे. हे शिकवायचे राहिले असेल, तर चालते दुकानही घराण्याला फार काळ सावरू शकणार नाही.