विश्लेषण : ग्लुटेन टाळून परदेशात पायी फिरायचे, तर पाठपिशवीत काय हवे?

रशियन व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात चौलला उतरला, जुन्नर, बीदर असा दख्खन फिरला आणि वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ बंदरातून परत निघाला. इथले लोक भात, खिचडी खातात, अशी नोंद त्याने केली आहे. गहू न सोसणाऱ्या वाटसरूला तो प्रवास सोपा गेला असता. दाभोळचा माणूस आज उलट दिशेने, स्पेनमधील ‘कामिनो दे सांतियागो’ या यात्रामार्गावर चालायला निघाला, तर न्याहारीपासून त्याच्यापुढे पावच येणार. त्याला सिलिअ‍ॅक आजार असेल तर?

नेमका त्रास काय?

गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेनमुळे सिलिअ‍ॅक रुग्णाची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. ग्लुटेन कायमचे बंद करणे, एवढाच आज उपचार आहे. ‘थोडेसे चालते’ हे आपल्याकडचे आग्रहाचे वाक्य इथे घातक ठरते. घरी पोट बिघडले तर माणूस पडून राहतो. रोज 20-25 किलोमीटर चालणाऱ्याला तीही सोय नाही. मात्र केवळ फॅशन म्हणून गहू सोडू नये. तपासणीआधीच सोडला, तर रक्तचाचणीत आजार दिसत नाही.

भात खाणाऱ्याला कसली भीती?

तांदूळ, नाचणी, कुळीथ यांत ग्लुटेन नाही. पण गावातल्या गिरणीत आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात आणि त्याच जात्यातून आपले नाचणीचे पीठ येते. ‘पीठ कशाचे’ यापेक्षा ‘दळले कुठे’ हा प्रश्न मोठा आहे आणि तो फारसा कुणी विचारत नाही. दुसरा चोर हिंग. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो. म्हणजे लोणचे, मसाला, फोडणी सगळेच संशयित. मेतकूट आणि थालीपिठाच्या भाजणीतही गहू पडतो. घरचे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

न्यायचे काय?

महागड्या ग्लुटेन-फ्री बिस्किटांपेक्षा आपला उपवासाचा डबा बरा, असे माझे मत आहे. राजगिरा, वरी, शेंगदाणे, गूळ हे पदार्थ हलके, टिकाऊ आणि पोटभरीचे. पाकिटावरची घटकांची यादी मात्र वाचावी. जोडीला पातळ पोहे आणि कुळथाचे पीठ. कुळीथ निवडून, भाजून, गहू कधीच न दळलेल्या घरघंटीवर दळावेत. कुळथाची पिठी आमसूल घालून दहा मिनिटांत होते. दिवसभर चालून आलेल्याला आणखी काय हवे?

तूप मात्र घरीच ठेवावे लागेल. भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. त्यामुळे तुपातले लाडूही नकोत. नारळाला परवानगी आहे, पण तो पाठीवर वाहणार कोण!

वाटेवर काय मिळेल?

फ्रान्सच्या सीमेपासून सुरू होणारा कामिनोचा प्रसिद्ध मार्ग सुमारे 780 किलोमीटरचा आहे. युरोपीय नियमांनुसार 14 अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावी लागते, हॉटेलातसुद्धा. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचे, तर किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आपल्या एफएसएसएआयचीही तीच. स्पेनमध्ये पाकिटावर ‘सिन ग्लुतेन’ हे शब्द शोधावेत.

बटाटा-अंड्याची तोर्तिया, गॅलिसियातले उकडलेले ऑक्टोपस आणि बदामाचा ‘तार्ता दे सांतियागो’ हे पदार्थ मुळात गव्हाविना होतात. मासे खाणाऱ्या दाभोळकराला ऑक्टोपसचे वावडे नसावे. धोका सुरीचा आहे: पाव कापला तिनेच तोर्तिया कापली की संपले. तळणीचे तेलही तसेच. ज्यात पिठात घोळवलेले मासे तळले, त्यातला बटाटा नको.

यात्रेकरूंच्या अनेक निवासांत स्वयंपाकघर असते, पण गॅलिसियातल्या काही सरकारी निवासांत भांडीच नसतात. त्यामुळे एक हलके पातेले आणि स्वतःचा चमचा सोबत हवाच. लहान गावांत रविवारी दुकाने बंद असतात; शनिवारीच दोन दिवसांची बेगमी करावी. मोबाइलला रेंज नसली तरी दाखवता येईल अशी स्पॅनिशमध्ये लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी. तोंडी सांगायचे तर पुरुषाने ‘सोय सेलियाको’ आणि बाईने ‘सोय सेलियाका’ म्हणावे, म्हणजे ‘मला सिलिअ‍ॅक आहे’, आणि हे ताट समोर येण्याआधी.